बिजलीचा राजीनामा

माझा गुडघा माझ्यापेक्षा हट्टी आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, कसरत चालू आहे, तरी हा बसला की उठायचं नाव घेत नाही. शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, औषधाच्या जोडीला बायोरेझोनन्स करून बघू." आणि मला सिटी सेंटरला एका चकाचक खोलीत घेऊन गेली. तिथल्या मुलीनं फार गोड बोलत सांगितलं की शरीरातल्या प्रत्येक अवयवाची आपली एक फ्रीक्वेन्सी असते, ती बिघडली की मशीन तिला ताळ्यावर आणतं. मग तिनं माझ्यापुढे एक कागद सरकवला. उपचाराला माझी संमती आहे, अशी सही करायची होती.

मी म्हटलं, "म्हणजे राजीनामा!" आणि हसत सुटले. सूनबाईला वाटलं, म्हातारीचं बिनसलं.

आता सांगते. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या हिंदीत राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद, संमतीपत्र. आमच्या घरात दोन्ही अर्थ सुखानं नांदत होते. एकदाच त्यांची टक्कर झाली, आणि ती माझ्या हातून झाली.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. आधी मध्य भारत झालं, आता तेही मोडून नवा प्रांत होत होता आणि राजधानी भोपाळला निघाली होती. बाबा जुन्या दफ्तरात लेखनिक. मोडी कागद वाचायचे आणि बाळबोधीत उतरवायचे. अक्षर असं की बघत राहावं. त्या दिवसांत ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या प्रत्येक मराठी घरात एकच विषय: यादी. कोण इथे राहणार, कोण भोपाळला जाणार, कुणाला नारळ मिळणार. छाननीसाठी नागपूरकडचे नवे साहेब आले होते. ते प्रत्येक लेखनिकाला समोर बसवून पानभर लिहून घेत होते.

आणि नेमकं तेव्हाच बाबांचं मनगट पडलं. रविवारी दुपारी खुर्चीच्या पाठीवर उजवा हात टाकून त्यांना गाढ झोप लागली. उठले तर हात मनगटापासून लोंबतोय. बोटं सरळ होईनात, टाक धरवेना. आईनं तर देवच पाण्यात ठेवले. अस्पतालातले डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, दोन-तीन महिन्यांत येईल परत. लाकडी पट्टी बांधली, औषध दिलं. पण दोन-तीन महिने कुणाजवळ होते? बाबांची पाळी पुढच्याच आठवड्यात होती.

तेव्हा कुणीतरी नई सडकवरच्या बिजलीवाल्या साहेबांचं नाव काढलं. हे गृहस्थ संस्थानच्या फौजेत वायरलेसवर होते. फौजही विलीन झाली आणि हे घरी बसले. एका दुकानाच्या माडीवर त्यांच्याकडे एक पेटी होती. तिच्या तारेला काचेची नळी. बटण दाबलं की नळीत जांभळा उजेड फिरायचा, चर्र आवाज यायचा आणि काहीतरी जळाल्यासारखा वास. मी बाबांच्या मागे लपले, खोटं कशाला बोलू.

"हर चीज़ की अपनी फ़्रीक्वेंसी होती है," ते बाबांना म्हणाले. "पर मैं डॉक्टर नहीं हूँ, ये साफ़ सुन लीजिए. दवा अस्पताल की चलेगी. ये साथ का इलाज है. और कल एक राजीनामा लिख लाइए."

असं स्पष्ट बोलणारा माणूस मी पुढे आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला.

घरी आल्यावर बाबांनी मला पाटावर बसवून दोन कागद सांगितले. दोन्ही हिंदीत. पहिला ऑफिससाठी: प्रकृती ठीक नाही, पंधरा दिवसांची रजा मिळावी, म्हणजे छाननी पुढे ढकलता येईल. दुसरा बिजलीवाल्या साहेबांसाठी. वर मोठ्या अक्षरात 'राजीनामा', खाली: 'मैं अपनी राज़ी-ख़ुशी से बिजली लगवाने को तैयार हूँ. आगे जो भला-बुरा हो, ज़िम्मेदारी मेरी.' दोन्हीवर बाबांनी डाव्या हातानं कशीबशी सही केली. मी अक्षर एवढं घोटून काढलं होतं की माझं मलाच कौतुक वाटत होतं. त्याच तोऱ्यात मी कागद लिफाफ्यांत घातले आणि चिकटवले.

दुसऱ्या दिवशी एक लिफाफा शेजारच्या काकांबरोबर ऑफिसात गेला, दुसरा बाबांनी नई सडकला नेऊन दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही माडी चढलो, तर बिजलीवाले साहेब कागद हलवत हसत होते. "अरे भाई, इलाज शुरू हुआ नहीं और आपको पंद्रह दिन की छुट्टी चाहिए?" त्यांनी खाली लिहून दिलं होतं: 'मंज़ूर. पर कसरत की छुट्टी नहीं.'

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. रजेचा अर्ज इथे, म्हणजे राजीनामा साहेबांच्या टेबलावर! छाननीच्या ऐन धामधुमीत, नागपूरकडच्या मराठी साहेबांच्या!

"लिफाफे मीच उलटे उचलले असतील," बाबा एवढंच म्हणाले आणि जिना उतरून तडक ऑफिसात गेले. मला ठाऊक होतं कुणी काय केलं ते. लिफाफ्यांवर नावंही माझ्याच अक्षरात होती. पण मी तशीच घरी पळाले. त्या दिवशी मी जेवले नाही. पोट दुखतंय म्हणाले आणि पांघरूण घेऊन पडून राहिले. बाबांची नोकरी मी घालवली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पुढची हकीकत बाबांनी संध्याकाळी आईला सांगितली, ती मी पांघरुणातून ऐकली. ऑफिसातले साहेब म्हणाले होते, "इतकी वर्षं नोकरी केली, पण घरात वीज लावायची म्हणून नोकरी सोडणारा माणूस पहिल्यांदाच पाहतोय!" बाबांनी पट्टी सोडून लोंबता हात दाखवला. काही लपवलं नाही.  मग साहेब एक मोडी कागद पुढे टाकून म्हणाले, "वाचा." बाबांनी घडाघडा वाचला. दुसरा टाकला, तोही वाचला. साहेब म्हणाले, "हात येईल तेव्हा येईल. वाचायला काय हात लागतो? लिहायला माणूस देतो." आणि बाबांच्या कागदावर लाल शाईनं शेरा लिहून तो परत दिला: 'राजीनामा नामंजूर.'

आई रडली. मीही रडले, पण पांघरुणातच.

हात आला. सव्वादोन महिन्यांनी मनगट उचललं. जांभळ्या उजेडानं उचललं की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आपसूक, कोण जाणे. मला विचाराल तर डॉक्टरांचंच खरं. पण बिजलीवाले साहेब रोज समोर बसून बाबांची बोटं एकेक करून सरळ करायला लावायचे, "शाबाश, एक बार और" म्हणायचे. त्या दोन महिन्यांत बाबा खचले नाहीत, त्याचं श्रेय मी त्यांनाच देते. आभार मानायला गेलो तर म्हणाले, "मेरा क्या, उँगलियाँ तो आपकी थीं."

लिफाफ्यांचं मात्र मी कधीच कबूल केलं नाही. आधी भीती होती, मग लाज, मग वाटलं, आता काय उकरायचं. बाबाही जन्मभर "माझाच वेंधळेपणा" म्हणून ती गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचे आणि मी उठून चहा टाकायला जायची.

बाबा गेले, त्यानंतर त्यांची ट्रंक आवरताना ते दोन कागद सापडले, टाचणीनं एकत्र लावलेले. एकावर 'मंज़ूर', दुसऱ्यावर लाल शाईत 'नामंजूर'. तो दुसरा मी सहज उलटला. मागे बाबांच्या उजव्या हाताचं अक्षर होतं, पण वाकडंतिकडं, नुकतं चालायला लागलेलं. बोटं आल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी लिहिलेलं असणार. अगदी दफ्तरी भाषेत शेरा मारला होता:

'लिफाफ्यांची चूक लेखनिकाची. वय वर्षे बारा. अक्षर उत्तम. लेखनिक कामावर कायम.'