मुलगा पाहायला मुंबई दर्शन

आमच्या घरात बैल आणि जावई पाहायला एकच माणूस जात असे. ते म्हणजे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बाजारात ते बैलाच्या पाठीवर नुसती थाप मारून त्याचं वय, खोड आणि आधीच्या मालकाची दानत सांगत. माझ्या दोन्ही आत्यांचे नवरे त्यांनीच पसंत केलेले. (त्यांतले एक डाव्या पायाने जरा लंगडत, पण ते लग्नानंतर! हे मोठेबाबांनी आम्हाला अनेकदा बजावून सांगितलं होतं.)

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी डी.एड. संपवून एकोडीला घरी बसले होते, आणि शहापूरच्या मामांनी एक स्थळ आणलं. मुलगा मूळचा आमच्याच भागातल्या बपेऱ्याचा, नाव वसंत. मुंबईत प्रवासी बसवर गाईड. रोज सकाळी लोकांना बसमध्ये भरायचं आणि अर्ध्या दिवसात मुंबई बंदर, किल्ला, गोदी, दीपगृह सगळं दाखवून परत आणून सोडायचं, ही त्याची नोकरी. साकोलीच्या स्टुडिओत कागदी ताजमहालासमोर प्लास्टिकचं फूल धरून काढलेला माझा फोटो मामांनी तिकडे पाठवून दिला. तिकडून निरोप आला, ‘रीतसर पाहायला दिवाळीत येतो.’

“दिवाळीत कायले?” मोठेबाबा म्हणाले. “तो तेल लावून, भांग पाडून, गरीब तोंड करून बसन. बाजारात सारेच बैल गरीब दिसतात! आपण त्याले कामावर पाहू. टिकीट काढून त्याच्याच बसमंदी बसू. त्याले पत्ता लागला नाई पाहिजे.”

“अन् शालू?” आईने माझ्याकडे पाहत विचारलं.

“ते बी संग चालन. तिनं नाई पाहाचा त कोनं पाहाचा?”

हे पुढारलेले विचार ऐकून बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, गहिवरून आलं. भावापुढे बोलायची त्यांना सवय नव्हती, गहिवरायची होती.

वरठी स्टेशनवर गाडीत बसल्यापासून मोठेबाबांनी आमची तालीम घेतली. आपण नाशिकचे. कांद्याचे व्यापारी. ‘मले-तुले’ करायचं नाही, ‘मला-तुला’ म्हणायचं. वर्धा येईपर्यंत आईने हात टेकले. “मी आपली जांभया देत बसन,” ती म्हणाली, “जांभई साऱ्या गावची एकसारखीच असते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसमध्ये पुढून दुसऱ्या बाकावर. पांढरा शर्ट घातलेला एक उंच मुलगा चढला आणि हसून म्हणाला, “नमस्कार मंडळी, मी वसंत, आज तुमचा गाईड.” आम्ही चौघं त्याच्याकडे इतकं एकटक पाहू लागलो, की बिचाऱ्याने हळूच शर्टाची बटणं चाचपली! मग त्याची नजर माझ्यावर आली, जरा थांबली, आणि तो घसा साफ करून मुंबईकडे वळला.

“आता डाव्या हाताला पाहा, ही जुनी गोदी.” सगळ्या बसची डोकी डावीकडे वळली. आमची चार डोकी सरळ. “आता उजव्या हाताला किल्ल्याचा भाग.” सगळी डोकी उजवीकडे, आमची चार सरळ. मुंबईच्या दोन्ही बाजू मी त्या दिवशी चुकवल्या. त्याच्या उजव्या भुवईजवळ एक लहानसा व्रण होता, तो मात्र मला अजून लख्ख आठवतो.

मग मोठेबाबांच्या परीक्षा सुरू झाल्या. पहिली परीक्षा दातांची. त्यांनी पिशवीतून फुटाणे काढून त्याला मूठभर दिले आणि तो चावत असताना खाली वाकून त्याच्या तोंडात पाहिलं. “मजबूत!” ते बाबूजींच्या कानात म्हणाले. (हे ‘कानात’ शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.) दुसरी नजरेची. “काय हो, त्या लांबच्या आगबोटीवर काय लिहिलं आहे?” त्याने वाचून दाखवलं. तिसरी चालीची. दीपगृह लांबून दाखवायला बस टेकडीवर थांबली, तेव्हा मोठेबाबा आपला खांद्यावरचा दुपट्टा मुद्दाम खाली पायऱ्यांवर विसरून आले. तो धावत जाऊन घेऊन आला. मोठेबाबा त्याच्या पायांकडे डोळे बारीक करून पाहत होते. आत्याच्या नवऱ्याचा अनुभव होताच!

“बिडी घेता का?” त्यांनी विचारलं.

“नको बाबा, कामावर आहे.”

“घरी?”

“घरीही नाही.”

“मंग रात्री काय कर...” मोठेबाबांचा ‘मंग’ निसटला आणि त्यांनी घाईने नाशिकच्या कांद्याचा भाव सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात वळणावर समुद्र अगदी खिडकीशी आला आणि आईची नजर पहिल्यांदाच वसंतावरून हलली. आईने जन्मभर तलाव पाहिलेले. ती जांभई अर्धी टाकून किंचाळली, “अवं माय! याले दुसरा काठच नाई!” मोठेबाबांना एवढा मोठा खोकला आला, की ड्रायव्हरने गाडी हळू केली.

खरा घोटाळा मात्र पुढच्या बाकावरच्या कोल्हापूरच्या बाईंनी केला. त्यांनी मागे वळून मला प्रेमाने विचारलं, “कुठली गं तू बाळ?”

मी ‘आमी एकोडीचे’ म्हणायला नुसतं तोंड उघडलं.

“ती बोलत नाही!” मोठेबाबा गरजले. “जन्मापासून!”

माझं तोंड उघडं ते उघडंच. कोल्हापूरच्या बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “अगं बाई गं! आणि दिसायला किती गोड!” मग काय, ती बातमी बाकाबाकाने मागे गेली. कुणी मला चिक्की दिली, कुणी खिडकीची जागा दिली. एका आजोबांनी एका वैद्याचा पत्ता सांगितला. आणि त्या सगळ्यांच्या मागे उभा असलेला वसंत माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता, की मला बसमधून उडी मारावीशी वाटली.

त्यानंतर संग्रहालय आलं. इतरांना माहिती सांगून झाली, की तो माझ्याकडे यायचा आणि तीच माहिती हातवारे करून सांगायचा. (मुकी म्हणजे बहिरीही असणार, असं त्याने धरलं असावं, आणि नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.) त्याने सात बोटं उभी केली, मग दोन्ही हात हळूहळू जवळ आणून एकात एक गुंतवले. सात बेटांची मुंबई झाली. रुमालाचं शीड करून गलबत आणलं. गाल फुगवून तोफ उडवली, पण आवाज न करता. एक लहान मुलगी त्याच्याकडे बघून खो खो हसली, तरी तो थांबला नाही. मला आजवर एवढ्या काळजीने कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. आमच्या घरी मला फक्त सांगत असत.

पोर्तुगीजांनी राजकन्येच्या लग्नात ही मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण दिली, हे दाखवताना त्याने कपाळाला मुंडावळ्या बांधल्या, हवेतच हार घातला, आणि एकदम थबकला. त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत. मागे मोठेबाबा बाबूजींना म्हणत होते, “आयकलं का? आंदणात अख्खं गाव! आतापासूनच सुचवून राहिला वाटते!”

तरीही शेवटची परीक्षा उरली होती, स्वभावाची. बैल टोचल्यावर शिंग मारतो का, हे पाहिल्याशिवाय मोठेबाबा कधी दावं हातात घेत नसत. मासळीच्या धक्क्यावर बस थांबली तेव्हा ते मुद्दाम गर्दीत हरवले. पण धक्का म्हणजे एकोडीचा बाजार नव्हे. मुद्दाम हरवलेले मोठेबाबा थोड्याच वेळात खरोखर हरवले! बसमधले लोक वसंतावर ओरडू लागले. कुणाची गाडी चुकणार होती, कुणाचं जेवण. तो सगळ्यांची माफी मागत धावला आणि टोपल्यांच्या रांगांमधून मोठेबाबांना हाताला धरून घेऊन आला. ते गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि त्यांच्या धोतराला सुरमईचा वास येत होता. वसंत एवढंच म्हणाला, “बाबा, सावकाश. पाय घसरते इथं.”

“पास!” मोठेबाबा बाबूजींना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते परीक्षेचं की भीतीचं, कुणास ठाऊक.

शेवटचा मुक्काम गेटवे. मोठेबाबा धोतर वाळवत बसले, आईबाबूजी लाँच पाहायला गेले. मी कठड्याशी एकटी उभी होते. वसंत येऊन जरा अंतर ठेवून उभा राहिला. हातवारे न करता, समुद्राकडे पाहत बोलू लागला, आणि तेही आमच्याच बोलीत!

“मी तुमाले सकाळीच वळखलो. फोटो आला होता तुमचा.”

फोटो! आमच्या एवढ्या मोठ्या बेतात तो फोटो आम्ही चौघंही साफ विसरलो होतो. नाशिकचे कांदे, मला-तुला, जांभया, सगळं ठीक होतं, फक्त मुलगीच बसमध्ये न्यायला नको होती!

“आयकू येते न तुमाले?” त्याने विचारलं. माझी मान आपोआप किंचित हलली. “बोलता येत नाई, हे मामांनी सांगितलं नव्हतं. पन त्याचं काई नाई. दिवसभर मीच बोलत राहतो, घरी कोनी गप्प असलं त बरंच हाय मले.” तो जरासा हसला. मग गंभीर झाला. “एकच विचाराचं होतं. तुमाले कोनी विचारलं का? तुमची मर्जी हाय का? मान हालवली तरी समजन मले.”

खरं सांगते, मला ते कुणीच विचारलं नव्हतं. मोठेबाबांनी त्याचे दात पाहिले, चाल पाहिली, पण माझी मर्जी पाहायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि माझी मर्जी होती! फुटाण्यांपासून होती. पण ‘हो’ म्हणावं तर आम्ही सगळे लबाड ठरतो, मोठेबाबांचं नाक कापलं जातं. नुसती मान हलवावी तर मुकी म्हणून संसाराला लागायचं, ती लबाडी वेगळीच. बोलू की हलवू, हलवू की बोलू, असा माझा गोंधळ चालला असतानाच ड्रायव्हरने जोरात हॉर्न वाजवला आणि मी दगडासारखी उभी राहिले.

त्याने थोडी वाट पाहिली. “समजलो,” तो म्हणाला. “नाराज नका होऊ. मामांना मीच सांगतो.” आणि तो बसकडे गेला.

परतताना त्याचा आवाज तसाच स्वच्छ होता. “आता उजव्या हाताला पाहा.” या वेळी मी मुकाट्याने उजवीकडे पाहिलं. डोळे भरले होते, त्यामुळे तिकडचंही काही दिसलं नाही.

घरी येईपर्यंत मोठेबाबांनी गाडीच्या अख्ख्या डब्याला सांगितलं होतं, “पोरगा एक नंबर! असा मोत्यासारखा दाना आपल्या जिल्ह्यात नाई!” आईने लुगड्यांचा विचारही सुरू केला. आणि एक दिवस शहापूरचे मामा घाम पुसत आले.

“काहून हो, आपली शालू मुकी कधी झाली?”

सगळं बाहेर आलं. पोराने आम्हाला ओळखलं होतं, माझा फोटो पाहिला होता, आणि त्याचा नकार नव्हताच, ‘मुलीची मर्जी दिसत नाही’ एवढाच निरोप होता. मामा म्हणाले, “मी कळवतो त्याले, पोरगी बोलते म्हून. जमून जाते सारं.”

“काई कळवू नका,” मोठेबाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “मी त्याले पाहाले गेलो, अन् त्यानंच मले पाहून घेतलं! असा जावई मले नाई पाहिजे.”

बाबूजी सवयीप्रमाणे गहिवरले. आईने लुगड्यांचा विचार घडी घालून ठेवला. मी दाराआड उभी, आणि तिथे तर हॉर्नही वाजत नव्हता. मला बोलता आलं असतं. आजही कधी कधी वाटतं, नुसतं खाकरले असते तरी झालं असतं.

पुढे वसंताचं लग्न झालं असं कानावर आलं. आणि आमच्याकडे तुमसरचं एक स्थळ पाहायला येणार म्हणून निरोप आला. आदल्या दिवसापासून मी मनाशी घोकत होते, या वेळी गप्प राहायचं नाही, कुणी विचारो न विचारो. चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आले. समोरच्या खुर्चीतल्या माणसाने काहीतरी विचारायला तोंड उघडलं मात्र, मी मान खाली घालून एका दमात, अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्याने सांगून टाकलं, “माही मर्जी हाय!”

कपबशा वाजायच्या थांबल्या. मी मान वर केली.

“पोरी,” ते गृहस्थ मिशीवरून हात फिरवत हळूच म्हणाले, “मी पोराचा मामा हाय. पोरगा भाईर चपला काढून राहिला.”

वसंताला द्यायचं उत्तर अशा रीतीने मी एका टक्कल पडलेल्या, नातवंडं असलेल्या माणसाला देऊन बसले!