आत्याला हात लावून तपासणारा डॉक्टर हवा होता

माझ्या आत्याच्या पोटात गाठ होती आणि पाच महिने एकाही डॉक्टरने त्या पोटाला हात लावला नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहितोय.
गोड लिहिणार नाही. आत्यालाही गोड बोलणं जमायचं नाही.

गोकर्णा आत्या. बाबांची थोरली बहीण.
रिठदजवळ दीड एकर भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मळा आणि रिसोडचा बाजार, दोन्ही तिने एकटीने सांभाळलं.

कोरोना ओसरून वर्ष झालं होतं. शाळा सुरू, लग्नं सुरू, बाजार सुरू.
डॉक्टर मात्र मोबाईलमध्ये गेले ते बाहेर आलेच नाहीत.

पोट दुखायला लागलं म्हणून आत्या गावच्या उपकेंद्रात गेली. सिस्टरने टॅब समोर धरला. पलीकडे कुठले तरी डॉक्टर. "आजी, भूक लागते का? जळजळ होते का?" दोन मिनिटांत गॅसच्या गोळ्या.
तीन वेळा गेली. तीन वेगळे डॉक्टर, त्याच गोळ्या.

मग मला फोन केला. मी पुण्यात.
मी काय केलं? रिसोडच्या एका खासगी दवाखान्याची व्हिडिओ अपॉइंटमेंट घेऊन दिली. वाटलं, भाचा असावा तर असा.

त्या कॉलवर मीही होतो. डॉक्टर म्हणाले, कुठे दुखतं ते दाखवा. आत्याने फोन पोटासमोर धरला.
"दिसते काय साहेब?"
"हो आजी, दिसतंय."
"कायचं दिसते? दुखनं आतमंदी हाय!"

कॉल कट झाला. नेटवर्क गेलं की डॉक्टर गेले, कळलं नाही.

मी तिलाच समजावलं. "आत्या, आता सगळीकडे असंच असतं गं."
ती म्हणाली, "बापू, वांगं घ्याले आलेली बाई बी दाबून पाह्यते. माह्यं पोट काय त्याहून सस्तं हाय?"
मी हसलो.
त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी ती जीपमध्ये बसून थेट त्या दवाखान्यात गेली. पुढचं मला तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीनेच नंतर सांगितलं.

"आजी, अपॉइंटमेंट आहे का?"
"नाई."
"मग आधी व्हिडिओवर दाखवा. सरांना गरज वाटली तरच ते बोलावतात."
"मले गरज वाटून राह्यली. म्हनून आली."

आणि बाकावर बसली. संध्याकाळी परत गेली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.
तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून आली.

दुपारी डॉक्टर जेवायला निघाले, तशी ती दारात आडवी उभी राहिली.
"साहेब, गोळी नोको, चिठ्ठी नोको. हात लावून पाहा फक्त."
"आजी, आमचा एक नियम आहे..."
"साथीत तुमी लय केलं, मले मालूम हाय. भेव वाटत असन तं दोन मास्क लावा. पन पाहा."

डॉक्टर थांबले. तिला आत नेऊन टेबलावर झोपवलं. पोट दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.
मुठीएवढी गाठ.
एक मिनिटही लागलं नव्हतं.

अकोल्याला त्यांनी स्वतः फोन लावला. सोनोग्राफी झाली, मग ऑपरेशन. अंडाशयाचा कॅन्सर.
तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यावरच चिडल्या. "इतक्या उशिरा का आणलं यांना?"
मी मान खाली घातली. पलंगावरून आत्या बोलली,
"त्याले काहून बोलता बाई? मी तं पाच महिन्यांपासून येऊन राह्यली. तुमचीच मानसं भेटत नोहती."

केमोत केस गेले. डोक्याला पदर गुंडाळून ती ग्रामसभेत उभी राहिली.
"टॅब राहू द्या. पन आठवड्यातून एक दिवस जिता डाक्टर पाठवा."
सरपंच म्हणाले, "आत्या, थे काई आपल्या हातात नाई."
"अर्ज करनं तं हाय ना?"

घरोघरी फिरून तिने बायांच्या सह्या आणि अंगठे घेतले. वाशीमला चार चकरा मारल्या.
शेवटी दर बुधवारी उपकेंद्रात एक तरुण डॉक्टर यायला लागले.

आत्या पायरीवर बसायची आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईला अडवायची.
"झोपवून पाह्यलं काय तुले? नाई? चाल, जाय वापस अंदर."
शेजारच्या सुनंदाकाकूंच्या छातीतली गाठ अशीच सापडली. वेळेवर सापडली. काकू आज ठणठणीत आहेत.

आत्याला त्या ऑपरेशननंतर अडीच वर्षं मिळाली. मग आजार परतला.

शेवटच्या दिवशी ते बुधवारचे डॉक्टर घरी आले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी नाडी पाहिली, पाठीला उशी लावली, तासभर बसून राहिले.
आत्या म्हणाली, "साहेब, आज तं शनवार हाय."
"माहीत आहे, आजी."
संध्याकाळी ती गेली.

हे सगळं आज सांगायचं कारण ऐका.
दोन महिन्यांपूर्वी त्या डॉक्टरांची बदली झाली. जागा रिकामी. बुधवार बंद. सिस्टरना वरून सांगितलंय, टॅब आहे ना, भागवा.

नाही भागवणार.

येत्या शुक्रवारी ग्रामसभा आहे. मी रजा टाकून गावी आलोय. नवा अर्ज लिहून झालाय आणि सुनंदाकाकू कालपासून सह्या घेत फिरतायत. आसपासच्या गावांतल्या मित्रांनो, ज्याला जमेल त्याने या.
आणि ज्यांची आई, काकू, आजी घरात गॅसच्या गोळ्या खात बसलीय, त्यांनी तिला दवाखान्यात घेऊन जा. तपासल्याशिवाय उठू नका. कोणी हसलं तर हसू दे.

आत्या, सकाळी तुझ्या फोटोला हार घातला. रडूनही झालं.
बाकीचं शुक्रवारी, सगळ्या गावासमोर.

नमस्कार करतो गं. येतो.