बक्षीस मिळालं की मिळवलं

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात स्पेनच्या गिऱ्हाइकांचं काम दुपारी सुरू होतं, घरचे झोपायच्या आत माणूस घरी पोचतो. मी अमेरिकेच्या कामावर, म्हणजे कायमची रात्रपाळी. स्पेनच्या टीममध्ये जायला एकच अट होती, स्पॅनिश बोलण्याची परीक्षा. लेकीचं दहावीचं वर्ष होतं आणि ती अभ्यासाला बसायची तेव्हा मी बाहेर पडायची. म्हणून पंचेचाळिशीत वाशीला क्लास लावला.

सुरुवात मजेत गेली. ‘मला आवडतं’ याला ‘मे गुस्ता’. अगदी मराठीसारखं, आवडणारी वस्तू वाक्याचा कर्ता आणि आपण अंग चोरून बाजूला. वाटलं, ही तर आपलीच भाषा. मग ‘अभिनय आणि पुरस्कार’ हा धडा आला आणि माझं डोकं फिरलं.

माझ्या निम्म्या वयाच्या मॅडमनी विचारलं, कधी बक्षीस मिळालंय का? सोसायटीच्या गणपतीतल्या एकांकिकेत मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. मी ‘मे गुस्ता’च्याच चालीवर ठोकून दिलं, ‘मे गानो एल प्रेमियो.’

“ताई, बक्षिसाने तुम्हाला जिंकलं?” त्या हसल्या. “‘गाने’ म्हणा. बक्षीस मी जिंकलं.”

पण असं आपल्यात कोण बोलतं? बक्षीस मिळतं, नोकरी लागते, बढती होते. ‘मी मिळवलं’ म्हणणाऱ्या बाईकडे बाकीच्या कशा बघतात ते मला चांगलं ठाऊक आहे. चिडचिड करत भांडी घासताना मी ‘गाने, गाने’ घोकत राहिले. नवरा म्हणाला, “अगं, नुसतं गाने गाने काय, एखादं म्हणून तरी दाखव.” मी कढई जोरात आपटली.

परीक्षा घ्यायला ऑफिसचेच एक साहेब होते, स्पेनला राहून आलेले. त्यांनी नेमकं बक्षिसाचंच विचारलं. मी ‘गाने’ ठणकावून सांगितलं, शेवटच्या ‘ने’वर जोर देऊन. त्यांनी मान डोलावली आणि स्पॅनिशमध्येच पुढचं विचारलं, “तुम्हीच का जिंकलात?”

व्याकरणाची एकही चूक न करता मी सांगितलं, की त्या वर्षी चांगलं काम करणाऱ्या सगळ्या बायका गणपतीला कोकणात गेल्या होत्या. हे धादांत खोटं होतं. त्यातल्या निम्म्या इथेच होत्या, स्टेजवर माझ्या शेजारी होत्या.

साहेब मनापासून हसले. निकालात शेरा आला, भाषा उत्तम, आत्मविश्वास कमी, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी लेकीची दहावी उरकलेली असेल.

‘पोर्के आक्तुए ब्येन.’ कारण मी काम चांगलं केलं. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मला येत होतं.