पाद्रीभाऊ कोशाच्या कामाला लागले

उघड्या डोळ्यांनी झोपणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, कारण मी जन्मभर शाळामास्तर होतो. पण भर दुपारी, सायकल चालवता चालवता स्वप्नं बघणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे शेजारी पाद्रीभाऊ. गडचिरोली जिल्हा नवानवा झाला त्या सुमारास ते नगरकडून वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावी आले. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यांना होतं, पण गावाने ते कधी वापरलं नाही. ढीवर, गोंड, आमची बौद्ध वस्ती, मशिदीमागचे मिस्त्री, सगळ्यांचे ते पाद्रीभाऊ. कौलारू चर्च, त्याला लागून त्यांचं घर आणि मधली भिंत आमची. शनिवारी त्या भिंतीपलीकडून प्रवचनाची तालीम ऐकू यायची आणि रविवारी ते नेमकं दुसरंच बोलायचे. एकदा हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगताना त्यांना खिडकीत गांधीलमाशी घर बांधताना दिसली. ते थांबले. मंडळीही थांबली. बऱ्याच वेळाने ते "काय सुंदर!" म्हणाले आणि आमेन म्हणून खाली उतरले. एका लग्नात त्यांनी नवरीऐवजी तिच्या आईचं नाव घेतलं, तेव्हा नवरदेवाने दचकून मागे वळून पाहिलं होतं. आजाऱ्याला भेटायला म्हणून निघायचे आणि हमखास भलत्याच गावी पोचायचे. तिथे सायकल टेकवून शांतपणे विचारायचे, "चुकून आलोय. पण आलोच आहे, तर कोणी आजारी आहे का?" आणि कोणी ना कोणी असायचंच.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या सिस्टरबाई, दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचे पाय जमिनीवर इतके घट्ट होते की दोघांचं मिळून बरोबर एक माणूस जमिनीवर असायचं. पाद्रीभाऊंच्या आयुष्याला वळण लागलं ते सिस्टरबाईंच्या मलमपट्टीमुळे. आमच्याकडे रानात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या पाळतात. कोसे उकडून बाया त्यांचं सूत काढतात आणि ते उघड्या मांडीवर हाताने वळतात. वर्षानुवर्षं वळून कातडी सोलवटते, चिघळते. चर्चमधल्या मार्थाबाई नावाच्या विधवेचं तसंच झालं होतं. सिस्टरबाई पडद्याआड पट्टी बांधायच्या आणि पाद्रीभाऊ पडद्याबाहेर बसून प्रार्थना करायचे. एके दिवशी आतून मार्थाबाईचा आवाज आला, "पाद्रीभाऊ, तुमी प्रार्थना करता, मले बरं वाटते जी. मंग मी घरी जातो अन् तेच सूत वळतो. देव पट्टी बांधून राह्यला अन् पोट ते सोडून राह्यलं."

त्यानंतर महिनाभर पाद्रीभाऊंची प्रवचनं आखूड झाली आणि मंडळी मनातून खूश झाली. त्याच दिवसांत नागपूरचे दोन इंजिनिअर गावात आले. त्यांनी पायाने चालवायचं सुताचं एक यंत्र केलं होतं आणि ते घरोघरी पोचवायला लहानशी कंपनी काढली होती. दानधर्म नाही, रीतसर धंदा. पण मांडीवर सूत वळणं बंद व्हावं, एवढ्यासाठीच मांडलेला. त्यांना खेडोपाडी हिंडणारा, बायांचा विश्वास असलेला माणूस हवा होता. एका सकाळी पाद्रीभाऊ आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा गार झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, मी राजीनामा दिला."

"सिस्टरबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आता तरी वेळेवर जेवाल का?"

मंडळीला मात्र ते जिव्हारी लागलं. सगळ्यांत जास्त लागलं रेंजरसाहेबांना. जंगलखात्यातून रिटायर झालेले हे गृहस्थ मंडळीतले थोरले वडील, चर्चचा कारभार बघणारे. निरोपाच्या रविवारी ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मेंढपाळ कळप सोडून बाजारात बसला. याले सेवा म्हणतेत का?" पाद्रीभाऊंनी खाली मान घातली. चर्चचं घर सोडून ते आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आले, तेव्हा सामान म्हणून पुस्तकांची एक पेटी आणि सिस्टरबाईंचे डबे होते. झगा त्यांनी घडी घालून मंडळीला परत दिला. तो देऊन आल्यावर अंगात शर्ट असूनही ते दिवसभर उघडं असल्यासारखे हात छातीशी धरून बसले होते.

यंत्र विकण्याची त्यांची पहिली सभा मी पाहिली आहे, आणि ज्याने ती पाहिली तो हसल्यावाचून राहिला नाही. बाया जमल्या. पाद्रीभाऊ उभे राहिले आणि त्यांनी यंत्राचे सगळे दोष सांगितले. "हे आवाज करतं. सुरुवातीला सूत तुटतं. मोडलं तर मिस्त्री यायला आठ दिवस लागतात." मग थोडा विचार करून, "पण मांडी वाचते," म्हणाले. आणि शेवटी सवयीने, "आमेन." इंजिनिअरने कपाळाला हात लावला. मागून एक म्हातारी म्हणाली, "आता आमी पन आमेन म्हनाचं का जी?" सगळ्या बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. पण तीच म्हातारी पुढे आली. "एवढं खरं बोलनारा मानूस इकाले नाई आला कधी. दाखव तुही मशीन," म्हणाली.

खरी अडचण पुढे आली. हात आणि पाय जुळेनात, सूत तुटे, बाया कंटाळून पुन्हा मांडीकडे वळत. पाद्रीभाऊंनी चर्चमध्ये वर्षानुवर्षं पायपेटी वाजवलेली. ते स्वतःच अनवाणी यंत्रावर बसले आणि एका गीताची चाल गुणगुणत पाय हलवू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांच्या चष्म्याला, दाढीला, सदऱ्याच्या गुंड्यांना सूत गुंडाळलं गेलं. कोशातून अर्धवट बाहेर आल्यासारखे दिसायचे. पण चाल बायांच्या पायांत उतरली. माझी बायको सकाळी बुद्धवंदना म्हणायची आणि दुपारी ख्रिस्ती गीताच्या चालीवर सूत काढायची. मी हे लक्षात आणून दिलं, तर म्हणाली, "पायाले काय कळते जी, गानं कोनाचं हाय ते?" मार्थाबाईची जखम त्या हिवाळ्यात भरली. हे सांगताना सिस्टरबाई हसत होत्या आणि पाद्रीभाऊ उठून उगाच अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालायला गेले.

दर रविवारी ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत. बाहेर पडताना सगळे हात मिळवत, रेंजरसाहेब मात्र समोरून निघून जात. तीन वर्षं हेच. त्या दिवशी पाद्रीभाऊ जेवायला नको म्हणत आणि त्यांचं ताट आमच्या घरी येई.

मग एका दिवाळीनंतर रेंजरसाहेबांनी अंथरूण धरलं. निरोप आला तो नव्या पाद्र्याला नव्हे, यांना. त्यांचं गाव जंगलात आत होतं आणि पाद्रीभाऊ वाट चुकणार हे ठरलेलंच, म्हणून मी सोबत गेलो. रेंजरसाहेब खाटेवर पार आटले होते.

"तू आता पाद्री नाई," ते म्हणाले.

"नाही."

"नवा पाद्री बेस हाय. टायमावर येते, टायमावर जाते." दम लागला म्हणून ते थांबले. मग हात पुढे करून म्हणाले, "तू बस. कुठी जाऊ नको."

पाद्रीभाऊ दुपारभर तो हात धरून बसले. रेंजरसाहेबांचा डोळा लागला, तेव्हा आम्ही उठलो.

परतताना येनाच्या झाडांखाली ते सायकलवरून उतरले. "गुरुजी, मी बरोबर केलं ना?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? मी तर प्रार्थनासुद्धा करत नाही."

"म्हणून तर विचारतोय."

आज ते सिरोंचाच्याही पलीकडे कुठेतरी बायांना सूत शिकवत असतात आणि पत्र टाकायला विसरतात. पण त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून जुळवतोच आहे. तेव्हा मी एवढंच म्हणालो, की चला, दिवस कलला. ते हलले नाहीत. वरच्या फांद्यांवर शेकडो अळ्या पानं खात होत्या. भुरभुर पावसासारखा, अगदी बारीक आवाज रानभर भरून राहिला होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "जेवताहेत."