अळणी ताट

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला डाएट किचनची पाळी लागली, तेव्हा मी मनातून नाराज झाले होते. माझ्या खोलीतल्या मुलीला ऑपरेशन थिएटर मिळालं होतं. ती संध्याकाळी येऊन टाके कसे घालतात ते सांगायची आणि मी सांगणार काय, तर आज बार्ली किती वेळ शिजवली. राहात्याला घरी आईच्या हाताखाली भाकऱ्या थापून कंटाळले होते, म्हणून तर हट्टानं श्रीरामपूरला शिकायला आले होते. नात्यातली माणसं नावं ठेवत होती, पोरगी लोकांची घाण काढणार म्हणून. वडिलांनी कुणाचं काही मनावर न घेता मला एस.टी.त बसवून दिलं होतं. आणि इथे येऊन पुन्हा चूलच वाट्याला आली होती.

किचन दवाखान्याच्या मागच्या अंगाला होतं. बैठं, कौलारू, पुढे लांब ओसरी. आत भिंतीला दोन मोठ्या चुली आणि कोपऱ्यात एक शेगडी. टायफॉईडच्या रोग्यांना भाताची पेज, काविळीवाल्यांना बिनतुपाचं, मधुमेहवाल्यांना मोजून मापून, ऑपरेशन झालेल्यांना आधी दूध फाडून केलेली निवळ आणि मग हळूहळू घट्ट, अशी सगळी ताटं इथून जायची. अशक्त रोग्यांसाठी दुधात अंडं फेटून द्यायचे. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. पहिलं अंडं मी इतकं घाबरत फोडलं की ते निम्मं पदरावर सांडलं.

किचनच्या सिस्टर श्रीरामपूरच्याच होत्या. वयानं पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, आवाज मात्र अगदी हळू. आम्ही त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचो. औषधाची गोळी जशी चुकता कामा नये तसं ताटही चुकता कामा नये, हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं सांगणं. अळणी स्वयंपाकाचं भांडं वेगळं, त्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला. त्या भांड्यातला डाव दुसऱ्या भांड्यात गेला तर भांडं घासून पुन्हा स्वयंपाक.

ते दुष्काळाचं साल होतं. दवाखान्याच्या आवारात रोग्यांचे नातेवाईक तीन दगडांच्या चुली मांडून रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या करायचे. त्या भाकरीला वासही निराळाच होता. कालव्याच्या बाजूच्या गावांत ऊस अजून तग धरून होता, पण दवाखान्यात येणारी माणसं कुठल्याही गावची असोत, अंगानं उतरलेलीच असायची.

त्या हिवाळ्यात देवळाली प्रवराकडच्या एका वस्तीवरून एक बाई आल्या. शेतकऱ्याघरच्या, वय पंचेचाळीसच्या पुढे. हृदयाची झडप खराब झालेली. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले, आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून पाठीशी उशा लावून बसूनच असायच्या. बरोबर त्यांचे मालक होते, उंच, हडकुळे, डोक्याला पांढरा पटका. मुलगा-सून घर आणि उसाचं पाणी सांभाळत होते, म्हणून हे स्वतः येऊन राहिले होते. मी मालकांना मामा म्हणू लागले आणि बाईंना मावशी.

डॉक्टरांनी औषधं सुरू केली आणि ताट अळणी लावलं. मिठाचा कणही नको. औषधांनी लघवी सुटली, सूज ओसरायला लागली, मावशी रात्री थोड्या टेकून झोपायला लागल्या. सगळं ठीक चाललं आहे असं वाटत असतानाच त्यांनी जेवणं सोडलं. मी ताट ठेवून यायची आणि नंतर उचलायला जायची तर भाकरीचा कोर मोडलेला आणि बाकी सगळं तसंच. वरण गार होऊन वर साय धरलेलं. मी समजूत घालायला गेले की त्या तोंड फिरवायच्या. एकदा मात्र बोलल्या.

"पोरी, जनावराला बी आमी मिठाचा खडा चाटाया देतो. मी त्याच्याहून खालची झाले का?"

औषधासारखं समजून गिळा, असं काहीतरी पुस्तकातलं मी बोलले आणि ताट घेऊन परत आले.

मग एका सकाळी वजन वाढलेलं निघालं. दुसऱ्या दिवशी आणखी. पायांवर पुन्हा सूज, पुन्हा धाप. डॉक्टर तरुण होते, तापट होते. राऊंडला ते माझ्यावरच घसरले, किचनमध्ये कुणाचं लक्ष आहे की नाही म्हणून. मला रडू येत होतं, कारण लाल दोऱ्याचं भांडं मी स्वतः सांभाळत होते. मोठ्या सिस्टरांनी डॉक्टरांना एवढंच सांगितलं की, किचनमधून मीठ गेलेलं नाही, मी बघते.

त्यांनी मावशींची ट्रंक उघडली नाही की उशी उचलून पाहिली नाही. दुपारी त्या कॉटच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि मामांना बोलावून घेतलं. मामा आले ते मान खाली घालूनच. सिस्टरांनी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "मीच दिलं. लिंबाचं लोनचं. तिचं तोंड बघवंना मला."

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मावशींच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा पडला, तो भरून येईना. मामांचा हात धरून त्यांनी तो खळगा त्यांना चाचपायला लावला. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, ते पाणी असं पायात उतरतं, तेच वर छातीत चढतं आणि मग यांना श्वास घेववत नाही, असं त्यांनी सावकाश सांगितलं. मामा बराच वेळ बोट त्या खळग्यावर ठेवून बसले. "म्हंजे मीच घालत हुतो व्हय पानी," एवढंच बोलले आणि बाहेर निघून गेले. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या.

सिस्टरांनी जाताना मला हुकूम केला, की उद्यापासून मावशींच्या जेवणाच्या वेळी तू फक्त तिथे बसायचं. जेवा म्हणायचं नाही.

मी बसले. पहिल्यांदा दोघीही अवघडलो. मग मी माझ्या आईबद्दल काहीतरी बोलले, तिला माझी भाकरी कधीच गोल वाटली नाही असं. मावशी हसल्या आणि बोलायला लागल्या. लग्न होऊन सासरी आल्यावर पहिल्याच मोठ्या जेवणावळीला आमटीत मीठ घालायचं त्या विसरल्या होत्या. पाहुणे बसलेले, सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि ताट पुढे सरकवून उठून गेले. त्यांच्या मागोमाग सगळी पंगत उठली. सासूनं त्या दिवशी ती सगळी आमटी त्यांना एकटीला खायला लावली. त्यानंतर इतकी वर्षं घर त्यांच्या हाताखाली होतं, गावच्या कार्यात आमटीला मीठ लागलं की नाही हे पाहायला त्यांनाच बोलवायचे. आणि आता दोन्ही वेळेला कुणीतरी अळणी ताट आणून पुढ्यात ठेवत होतं.

मी हे सगळं सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिच्या पुढ्यात ताट नको ठेवायला. तिच्या पुढ्यात चूल ठेवू."

डॉक्टर आधी तयार नव्हते. सिस्टरांनी त्यांना कबूल करवलं ते एका अटीवर, की मावशींनी खुर्चीतून हलायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही. मामांनी आणि मी मिळून त्यांना चाकाच्या खुर्चीतून किचनच्या ओसरीवर आणलं. हिवाळ्याचं कोवळं ऊन तिथे येत असे. मी शेगडी बाहेर काढली. मावशींनी पायांवर चादर ओढून घेतली, एकदा सगळ्या डब्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, कारळं आहेत का.

कारळं नव्हती. मामा बाजारातून घेऊन आले. मावशी सांगतील तशी मी ती मंद आचेवर भाजली, लसूण सालीसकट निखाऱ्यात सारली, सुकी मिरची नुसती दाखवून काढली. सगळं खलात कुटलं आणि वर लिंबू पिळलं. पहिला प्रयोग फसला. मिरची जास्त झाली, मावशींना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी मिरची स्वतः मोजून दिली.

हळूहळू आमचं जमत गेलं. मावशी काही सुचवायच्या आणि सिस्टर त्यावर हो किंवा नाही म्हणायच्या. भाजलेल्या वांग्याच्या भरतात दही चालेल. पापडखार, सोडा, बाजारचा पाव अजिबात नाही. पालकाला स्वतःचाच खारटपणा असतो, म्हणून तोही नाही, त्याच्या जागी मेथी घ्या. हे ऐकून मावशींना फार नवल वाटलं. भाजीत न घालताही मीठ असतं, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मलाही ते पुस्तकात वाचून लक्षात राहिलं नव्हतं, ओसरीवर राहिलं. चिंचेचा कोळ घालून केलेली तुरीची आमटी ज्या दिवशी जमली, त्या दिवशी मावशींनी वाटी तोंडाला लावून ती संपवली आणि वाटी माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता ही आमटी हाय. मीठ न्हाई, पन आमटी हाय."

मामा त्या दिवसांत आवारातल्या चुलीवर स्वतःपुरता स्वयंपाक करायचे. त्यांच्या हातची भाकरी एका बाजूला कच्ची आणि एका बाजूला जळलेली. ओसरीवर मावशींचं जेवण चाललेलं असताना एके दिवशी ते आपली भाकरी घेऊन मावशींच्या खुर्चीशी खाली येऊन बसले आणि मला म्हणाले, "मला बी ह्यातलंच वाढ."

मावशी रागावल्या. तुम्हाला रानात काम करायचं असतं, घाम गाळायचा असतो, तुम्हाला काय झालंय अळणी खायला, असं म्हणाल्या. मामांनी ऐकून घेतलं आणि ताटली पुढे केली. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी वाढलं. त्यांनी चेहरा वाकडा केला नाही, सगळं खाल्लं आणि ताटली धुवायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग ते रोजचंच झालं. त्या दिवसापासून मावशींनी ताटात काही टाकलं नाही.

सूज उतरली. मावशींना घरी सोडलं तेव्हा सिस्टरांनी मामांनाच समोर बसवून पुन्हा सगळं विचारून घेतलं, काय चालेल आणि काय नाही. त्यांनी धडा म्हणून दाखवावा तसं न अडखळता सांगितलं. डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते, तेही हसले.

पुढच्या वर्षी आमची खेडोपाडी जायची पाळी आली. देवळाली प्रवराच्या बाजूला गेलो असताना मी परवानगी काढून मावशींच्या वस्तीवर गेले. पाऊस झालेला होता, रानं हिरवी होती. मावशी चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या आणि सून स्वयंपाक करत होती. मला पाहून त्यांनी सुनेला ओरडूनच सांगितलं, ताट वाढ. त्या घरात आमटी अळणीच शिजायची. मावशींची आणि मामांची वाटी आधी काढून ठेवायची, मग बाकीच्यांसाठी मीठ पडायचं. सून हसत म्हणाली, "मामंजी बी न्हाई घेत मीठ. आमी लई सांगून बगितलं."

मावशींनी मला विचारलं, तुला कुठली वाढू. मी म्हटलं, तुमच्यातली. जेवण झाल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि कारळाच्या चटणीची पुरचुंडी बांधून दिली, सिस्टरांना दे म्हणून. सिस्टरांनी ती किचनमधल्या फळीवर ठेवली आणि त्या नव्या मुलींना तिचा वास देऊन दाखवायच्या.

माझं शिक्षण संपलं, मी त्याच दवाखान्यात नोकरीला लागले. मावशींना आणखी काही वर्षं मिळाली. नातू झाला, तो चालायला लागलेला त्यांनी पाहिला. हे मला मामांकडूनच कळलं. एकदा श्रीरामपूरच्या एस.टी. स्टँडवर ते अचानक भेटले. पटका तोच, पाठ थोडी वाकलेली. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, की गेल्या सुगीत ती गेली, बसल्या बसल्या, त्रास काही झाला नाही. मग आम्ही बाकावर बसलो. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्याचं मी त्यांना सांगितलं. किचनमध्ये आता कोण असतं, असं त्यांनी विचारलं. नवी मुलगी आहे, शिकतेय अजून, मी म्हटलं.

"तिला सांग," ते म्हणाले, "रोग्यापाशी बसत जा म्हनावं, ताट ठिवून निगून नको जाऊ."

तेवढ्यात देवळालीची गाडी लागली. गर्दी होती, पण कंडक्टरनं म्हाताऱ्या माणसाला पुढे जागा करून दिली. खिडकीतून त्यांनी हात वर केला. मी माझ्या गाडीची वाट पाहत बाकावर बसून राहिले.