बैठकीचा चहा मी नेला नाही

"वळखीचा होता का परका?" हवालदारानं विचारलं.

"नवरा," मी म्हणाले.

त्यानं पेन टेबलावर ठेवलं. इतका वेळ तो भराभर लिहीत होता. मी मान खाली घालून सांगत होते, की नको म्हटलं तरी ऐकलं नाही, हात धरून ठेवले, तोंड दाबलं. तोवर त्याचा चेहरा गंभीर होता. बाकावर बसलेल्या एका माणसाला त्यानं बाहेर जायला सांगितलं होतं. एका महिला शिपायाला बोलावून माझ्याजवळ बसवलं होतं. मला शेतात वगैरे कोणीतरी गाठलं, असं त्याला वाटलं होतं. नवरा म्हटल्यावर तो खुर्चीत मागे रेलला.

"मंग असं पह्यले सांगाचं ना बाई. नवऱ्याचं काय लिहू याच्यात?"

त्यानं पुन्हा पेन उचललं.

"मारलं असंन तर मार लिहितो. हुंड्याचं काही असंन तर थे लिहितो. बाकी घरातलं आहे."

महिला शिपाई उठून आपल्या कामाला गेली. आणि त्या बाहेर काढलेल्या माणसाला हवालदारानं हाक मारून परत आत बोलावलं. तो येऊन जागेवर बसला. आता माझ्या बोलण्यात परक्यानं ऐकू नये असं काही उरलं नव्हतं.

मार होता. मनगटावर वळ होते, गालावरही होता. तेवढं लिहून घेतलं. सही कर म्हणाले, केली. जे सांगायला मी पायऱ्या चढून आले होते, ते तसंच घेऊन खाली उतरले.

हवालदार वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. त्याची चूक शोधली तर सापडणार नाही. त्यानं कायदा सांगितला. मलाच माहीत नव्हता. बी.ए. झाले, नागरिकशास्त्रात चांगले मार्क होते, पण लग्न झाल्यावर आपलं 'नाही' कायद्यातून वगळलं जातं, हे कोणत्याच धड्यात नव्हतं.

माझं सासर खाऊनपिऊन सुखी. घरची शेती, नवऱ्याचं खत-बियाण्यांचं दुकान. माणूस चारचौघांत असा गोड, की गिऱ्हाईक उधारी बुडवायला लाजेल. माझ्याशीही दिवसा बरा वागायचा. साडी आणायचा, आजारी पडले तर दवाखान्यात न्यायचा. पण खोलीचं दार लागलं की मी काय म्हणते हा प्रश्नच संपायचा. पाळी असो, ताप असो. पहिल्या वर्षी मी रडायचे. दुसऱ्या वर्षी छताकडे बघत पडून राहायला शिकले. त्यालाच संसार म्हणतात, असं मला वाटायला लागलं होतं. थकवा असा मुरला होता, की हसायचं म्हटलं तरी गाल दुखायचे.

मग दिवस गेले आणि राहिले नाहीत. गर्भ पडला. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, की आता काही आठवडे हिच्यापासून लांब राहा, हिचं शरीर अजून सावरायचं आहे. त्यानं मान हलवली. शहाण्या मुलासारखी हलवली. आठवडाही झाला नव्हता. मी हात जोडले, नको म्हणाले, ढकललं. तेव्हा त्यानं मारलं. मार त्या ढकलण्याबद्दल होता. आणि मारून थांबला नाही.

सासूला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "माणसाची जात आहे. समजून घे." आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबाले मी सांगतो. तू आनखी कोणाले सांगू नोको."

मी एसटीनं माहेरी आले. येताना वाटेत उतरून ठाण्यात गेले. पुढचं वर सांगितलंच आहे.

पंधरवडा झाला असेल, बैठक बसली. आमच्या ओसरीवर सतरंजी टाकली. बाबा, माझे मामा, गावातले दोन जाणते, आणि तिकडून नवरा आणि त्याचे काका. बायका आत. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. माझ्याच जन्माचं ठरत होतं आणि मी दाराआडून ऐकत होते.

बोलणं सगळं गालावरच्या वळाचं. हात उचलायला नको होता, हे जाणत्यांनी ठणकावून सांगितलं. नवऱ्यानं हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माहं. पुन्हा हात नाही लावणार." काका म्हणाले, पोरीनं तक्रार मागे घ्यावी. मामा म्हणाले, घेईल. सगळ्यांना हायसं वाटलं. बाबांना आईनं सगळं सांगितलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. बाबा सतरंजीची दशी पिळत बसले. एक अक्षर बोलले नाहीत. माझा जीव तिथंच तुटला. हवालदाराकडून मी फारशी आस धरली नव्हती, बाबांकडून धरली होती.

आमच्याकडे बैठक मिटली की चहा होतो. साधा नाही, जास्त साखरेचा. आणि तो त्याच बाईनं न्यायचा असतो, जिचं भांडण मिटलं. पहिला कप नवऱ्याच्या हातात द्यायचा. त्यानं घोट घेतला की मिटलं. तिला वेगळं कोणी विचारत नाही, चहा आणला म्हणजे ती कबूल. माझी आत्या सुजलेल्या डोळ्यांनी असा चहा घेऊन गेलेली मी लहानपणी पाहिली आहे. कपबश्यांचा आवाज होऊ न देता गेली होती. तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं.

वहिनीनं ट्रे भरून माझ्या हातात दिला. "जा ताई, वाट पाहून राह्यले."

मी ट्रे ओट्यावर ठेवला आणि रिकाम्या हातानं बाहेर गेले.

मामांनी वर पाहिलं. "चहा कुठी आहे व?"

"चहा नाही," मी म्हणाले. "मी ज्याच्यासाठी घर सोडलं, थे तुमी कोणी बोललेच नाही. मी नाही म्हटलं तरी हा माणूस माह्यावर जबरदस्ती करते. गर्भ पडला, डॉक्टरीणबाईनं मनाई केली, तवाही केली. मार त्याच्यापायी झाला. मी वापस नाही जात."

एका जाणत्यानं टोपी काढून पुन्हा घातली. नवरा रागावला नाही. त्याला खरंच नवल वाटलं. "बायको आहे माही," तो म्हणाला. "मी काय दुसऱ्याच्या घरात शिरलो का?"

मग काका बोलले. शांतपणे, समजावणीच्या सुरात. "पाह्य बाई, हे कायद्यात बसतच नाही. आमी वकिलाले विचारून आलो."

विचारून आलो. म्हणजे यांना माहीत होतं. बैठकीत गालाचा वळ तासभर चघळला, पण येण्याआधी वकिलाला गालाबद्दल विचारलं नव्हतं. काही झालंच नाही असं ज्याला वाटतं, तो वकिलाकडे कशाला जाईल? मला इतके दिवस वाटत होतं, की यांना कळत नाही, कोणी नीट समजावलं तर कळेल. त्या दिवशी ते डोक्यातून गेलं. त्यांना कळत होतं. फक्त आपल्याला धक्का लागत नाही, याची खात्री करून ते आले होते.

"आत जाय," बाबा म्हणाले.

गेले नाही. उंबऱ्यावर उभी राहिले. पाहुणे चहा न घेता उठले. त्यानंतर बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. वांगी तोडून झाली का, मेथीच्या जुड्या बांधल्या का, एवढंच. अमडापूरच्या बाजारात मी आईबरोबर भाजी घेऊन बसते, तर ओळखीच्या बायका आईला भाव विचारतात आणि माझ्याकडे बघतात. आत्या मुद्दाम भेटायला आली. मला वाटलं, ही तरी पाठीवर हात ठेवेल. ती म्हणाली, "आमी नाही सोसलं का? तुलेच काय सोनं लागलं?" मला राग आला नाही. रागालाही अंगात जोर लागतो. मी तिला चहा करून दिला, तो मात्र साधा.

तालुक्याला एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. हेच परक्यानं केलं तर गुन्हा. बायको अठराच्या आतली असेल तर गुन्हा. अठरावर असेल तर नवऱ्याला सूट. "आता तू वेगळी राहतेस ना," त्या म्हणाल्या, "आता तो इथं येऊन तसं वागला तर गुन्हा होईल. शिक्षा जरा कमी, पण होईल."

"आणि तिथं राहत होते तेव्हा?"

त्यांनी चष्मा पुसला. "तेव्हा नाही."

म्हणजे मी एसटीत बसले आणि माणूस झाले. तोवर नव्हते. माझं शरीर तेच, माझं 'नाही' तेच, करणारा तोच. फक्त छप्पर बदललं. मला हे अजूनही गिळता येत नाही.

बाई म्हणाल्या, वरच्या कोर्टात यावर वाद चालू आहे. ही सूट काढली तर संसार मोडतील, बायका खोट्या तक्रारी करतील, असं लोक म्हणतात. मी म्हटलं, चोरीच्याही खोट्या तक्रारी होतात, म्हणून चोरीला कोणी सूट दिली नाही. आणि जो संसार माझं तोंड दाबूनच टिकत होता, तो टिकवायची एवढी काळजी कोणाला, हेही मला सांगा. बाई हसल्या, पण त्यांचं हसू दमलेलं होतं. माझ्यासारख्या पुष्कळ जणी त्या खुर्चीवर बसून गेल्या असणार.

आता सासरकडून निरोप आहे. नवरा सोडचिठ्ठी द्यायला तयार आहे. दोघांच्या मर्जीनं, भांडण नाही. मी मारहाणीची तक्रार मागे घ्यायची आणि कोर्टात दोघांनी म्हणायचं, की आमचे स्वभाव जुळत नाहीत. दादा म्हणतो, घे पदरात पाडून, लवकर सुटशील. तो खोटं बोलत नाही. मला सुटायचं आहे. मी फार थकले आहे. एक खोटं वाक्य बोललं तर हे सगळं लवकर संपेल, आणि बाबाही कदाचित माझ्याशी बोलायला लागतील. रोज भाजी खुडताना मी ते वाक्य मनात बोलून पाहते. पण स्वभावाचं हे भांडणच नव्हतं. माझा स्वभाव त्या खोलीत कोणी विचारलाही नव्हता.

काल दादाला सांगितलं, की नाही म्हणून कळव. वेळ लागला तर लागू दे. मी कोर्टात उभी राहीन आणि इतके दिवस जबरदस्ती जबरदस्ती म्हणत आले, तेही म्हणणार नाही. बलात्कार म्हणेन. नवऱ्यानं बलात्कार केला, असं पुरं वाक्य, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जजसाहेब सांगतील, की हा शब्द नवऱ्याला लागू होत नाही. सांगू देत. मी तो पुन्हा म्हणेन.