तार तीच, कंपनी वेगळी

विजेच्या धोरणावर काम करणाऱ्या माणसाकडे अहवाल साचतात, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे साचतात ते घोळ! आमची संस्था सरकारला सांगते, विजेत स्पर्धा येऊ द्या, बाजार येऊ द्या. सुहासिनी मॅडम प्रमुख, मी आणि इरफान त्यांच्या हाताखाली. मी जालन्याकडचा, म्हणून तिकडच्या बैठका माझ्याच गळ्यात.

*

धावड्याच्या बैठकीत मी गावकऱ्यांना समजावून सांगितलं, "मोबाईलचं कार्ड बदलता ना? तशी उद्या वीज कंपनी बदलता येईल."

एक आजोबा म्हणाले, "मंग नवी तार येईन का?"

"न्हाई आजोबा. तार तीच, कंपनी वेगळी."

"अन् तार तुटली तर शिव्या कोणाला द्यायच्या?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होत्या!

*

कुंभार पिंपळगावच्या बाजारात इरफानला आयतं उदाहरण सापडलं. समोरासमोर दोन भजीवाले! चार लोक गोळा करून तो म्हणाला, "पाहा, स्पर्धा आहे म्हणून भाव आटोक्यात आहे." मग भजीवाल्याला विचारलं, "समोरच्याची भीती वाटत असेल ना?"

"कायची भीती? तो गाडा बी माझाच हाय. मेव्हणा बसवलाय तिथं."

*

मुलगी पाहायला गेल्तो. तिच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा वीज मंडळात का?"

मामा म्हणाले, "न्हाई, मंडळ कसं चालवावं ते सांगतो."

"अन् मंडळ ऐकतं?"

"ऐकतं की! नुसतं ऐकतं."

*

जालन्यातल्या एका लोखंड कारखानदारानं आमचं म्हणणं ऐकून टेबलावर थाप मारली. "बिलकुल बराबर! सरकारचं इथं कामच काय?"

मॅडम खूश. चहा आला. पहिला घोट घेऊन तो म्हणाला, "फक्त आमची सबसिडी तेवढी राहू द्या."

हा माणूस समर्थनात धरायचा की विरोधात, यावर आमचं परतीच्या गाडीत भांडण झालं!

*

आणि ती जनसुनावणी. शेतपंपाला मोफत वीज देण्याऐवजी तेवढे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात टाका, असा प्रस्ताव मी मांडत होतो. हरकत घ्यायला मागून एक जण उठला आणि टोपी नीट करत माईकपाशी आला.

आमचे दादा! माझे सख्खे वडील!

"साहेब," ते मला म्हणाले, "पैसे आज देताल, उद्या बंद करताल. आमचा विरोध आहे."

टाळ्या पडल्या. मॅडम कुजबुजल्या, "अरे, उत्तर दे ना त्यांना!" शेवटी कसंबसं म्हणालो, "आपली सूचना नोंदवली आहे." दादांनी हात जोडले. मग मीही जोडले.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. माझ्या ताटात भाजी वाढत दादांनी विचारलं, "कसं बोललो?"

"दादा, भर सभेत माझ्या विरोधात बोललात तुम्ही!"

"मंग? मला गावानं धाडल्तं. तुला कोणी धाडलं?"